हाल्वर हागेनची शेवटची हाक

कोवालिकनं बटाट्याची दुसरी पोळीही संपवली, तरी तो ज्यासाठी आला होता ते बोलेना. रग्ना हागेननं लोण्याची वाटी त्याच्यापुढं सरकवली.

"विस्कॉन्सिनपर्यंत काही पोळ्या खायला आला नाहीस तू," ती म्हणाली. "लढाईत तू माझ्या पोराबरोबर होतास. सांग काय ते. मी रडणार नाही."

तिचा मुलगा सेल्मर दारात उभा होता. धारेची वेळ टळून गेली होती, गाई हंबरत होत्या, पण तो हलला नाही.

"तुम्ही हाल्वरचे धाकटे भाऊ ना?" कोवालिकनं विचारलं. "वाटत नाही तसं."

"गोठ्यातलं काम माणसाला लवकर म्हातारं करतं," उत्तर रग्नानं दिलं.

हाल्वर दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या तरावा बेटावर मारला गेला, त्याला पंचवीस वर्षं होत आली होती. मृतदेह सापडला नाही, असं सरकारनं दोनदा कळवलं. जिथं पोरांना घाईघाईनं पुरलं, त्याच वाळूवर पुढं विमानांची धावपट्टी झाली होती.

हाल्वर सैन्यात गेला आणि महिन्याभरात रग्नानं डकोटातलं शेत विकलं. उरलेल्या मुलाला घेऊन ती इथं आली. इथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. तिकडच्या घरात जीव रमत नाही, असं ती सांगे. मरणाची तार इथंच आली. गावानं चर्चपुढच्या शहिदांच्या दगडावर हाल्वरचंही नाव कोरलं. दर मे महिन्यात स्मरणदिनाला गावकरी दगडावरची नावं मोठ्यानं वाचत, तेव्हा सेल्मर बाहेर ट्रकपाशी जाऊन उभा राही. भावाचं नाव त्याला ऐकवत नाही, असं सगळे समजून होते. त्यानं लग्नही केलं नव्हतं.

"आमच्यात सगळ्यात पोरगेला तोच, मावशी," कोवालिक म्हणाला. "एकोणीस वर्षांचा आहे म्हणायचा, पण गालावर लव नव्हती. सार्जंट चिडवायचा, 'हागेन, तुझ्या वस्तऱ्याला गंज चढेल रे.' हा म्हणायचा, 'दाढी घरी भावाकडं ठेवून आलोय.'"

रग्नाला हसू आलं. सेल्मर हसला नाही.

"भावाबद्दल फार बोलायचा. कोंबडी कापायची म्हटलं तरी भाऊ गोठ्यात लपतो म्हणे. त्याच्यासारख्याचा इथं एक दिवस निभाव लागला नसता, असं म्हणायचा."

सेल्मरनं दाराची चौकट धरली.

"जाताना सांगितलंसुद्धा नाही त्यानं," रग्ना म्हणाली. "सरकारचं बोलावणं आलेलं. पहाटे उठला, कागद खिशात घातला आणि गेला. पुढं?"

"बोटी प्रवाळात अडकल्या. छातीएवढ्या पाण्यातून चालत निघालो, समोरून गोळ्या. त्याला पोटात लागली. मी ओढत किनाऱ्याला आणलं. तिथं माडाच्या ओंडक्यांची भिंत होती, तिच्या आडोशाला ठेवलं. संध्याकाळी गेला. लगेच आम्हाला पुढं सरकायचा हुकूम झाला. परत येऊन पाहिलं तर तो तिथं नव्हता. कुणी उचललं, कुठं पुरलं, कुणालाच सांगता येईना."

"मला हाक मारली का रे त्यानं?"

कोवालिक टोपी हातात फिरवत राहिला.

"तेच तर डोक्यातून जात नाही. मरताना पोरं आईला हाक मारतात, देवाला मारतात. मी पुष्कळ ऐकलीत. हा स्वतःचंच नाव घेत होता, मावशी. हाल्वर, हाल्वर. शेवटपर्यंत. मी म्हटलं, अरे, इथंच आहेस की तू. तर त्यानं मान हलवली, नाही म्हणून. अजून ऐकू येतं मला ते. तुम्हाला काही उमगतं का त्यातलं?"

"नाही," रग्ना म्हणाली. "वेदनेत माणूस काहीही बोलतो."

कोवालिकनं तिचा हात हातात घेतला, सेल्मरशी हस्तांदोलन केलं आणि तो गेला. गाडीचा आवाज रस्त्यावर विरेपर्यंत मायलेकरं एकमेकांकडं न बघता उभी होती.

मग रग्ना दाराशी गेली. चौकटीवर घट्ट आवळलेली मुलाची बोटं तिनं हळूहळू सोडवली.

"हाल्वर," ती त्याला म्हणाली, "सेल्मर तुला हाक मारत होता."