कापराची पुरचुंडी

कपड्यांच्या उघड्या कपाटापुढे बसून दहा महिन्यांचं बाळ कापराची पुरचुंडी चोखत होतं. मृण्मयीनं ती हिसकावून चाचपली. आत एकही वडी उरली नव्हती.

"आई, धावा हो! ह्यानं सगळा कापूर खाल्ला!"

सासूबाईंनी आधी बाळाचं तोंड हुंगलं, मग पुरचुंडी निरखली. "वास नाही, आणि गाठ तर घट्ट आहे. खाऊन परत बांधून ठेवली का ह्यानं? अगं, तुझ्या डोहाळजेवणाच्या साडीत ठेवलेला कापूर हा. वर्ष उलटलं, उडून जाणारच."

मृण्मयीनं डोळे पुसत बाळाला उचलून घेतलं. "बाष्पदाब," ती पुटपुटली. दरवर्षी कापराचंच उदाहरण देऊन ती तो कॉलेजात शिकवायची.

"हे मात्र तिथं सांगू नकोस हो," सासूबाई म्हणाल्या, आणि मृण्मयीला रडता रडता हसू फुटलं.