वाऱ्यापुढची पाळी

वळण संपलं आणि वाऱ्याने मास्तरच्या कानशिलातच दिली. सायकल हातभर सरकली. उजवीकडे खाली समुद्र दगडांवर डोकं आपटून घेत होता आणि फुटलेलं पाणी रस्ता ओलांडून पलीकडच्या खडकांवर जाऊन पडत होतं. मागे वस्ती नव्हती, पुढेही दिसत नव्हती.

"हलू नकोस रे! मला वारा लागतोय!" मागून भावोजी ओरडले.

मास्तर शाळेत खेळ शिकवायचा, त्यामुळे हे त्याला पाठ होतं. वारा आडवा असला की एकाने वाऱ्याच्या अंगाला राहायचं, दुसऱ्याने त्याच्या आडोशाला, जरा मागे. दमला की पाळी बदलायची. सकाळपासून पाळी काही बदलली नव्हती. बहिणीचा नवरा, त्याला वाऱ्यात कसा घालायचा? ताईनेच हट्ट करून त्यांना बरोबर दिलं होतं. "ने रे त्यांना. लांबची सहल काढ, चांगली लांबची," म्हणाली होती. निघताना किती वेळ दारात उभी होती. काय जीव आहे हिचा नवऱ्यावर, असं मास्तरला तेव्हा वाटलं होतं.

रस्त्याकडेच्या बंद टपरीचा पत्रा सुटला आणि खणखणत समोरून आडवा गेला. मास्तरने करकचून ब्रेक दाबले. भावोजींचं चाक त्याच्या मागच्या चाकावर आदळलं. दोघंही कसेबसे पाय टेकून उभे राहिले.

"न सांगता थांबतोस?"

"पत्रा आला, भावोजी. मान उडाली असती."

"पत्रा मलाही दिसला. तुझी अक्कल तेवढी दिसली नाही."

मास्तर हसला. भावोजींच्या बोलण्यावर हसायची घरात सगळ्यांनाच सवय होती. मग तो म्हणाला, "आता जरा तुम्ही याल का या अंगाला? पुढच्या वळणापर्यंतच. माझे पाय पार भरून आलेत."

तोंडावर काहीतरी सणसणत बसलं. मास्तरला आधी वाटलं, दुसरा पत्रा सुटला. मग त्याला भावोजींचा हात दिसला. तो अजून वरच होता.

"तुम्हा बहीणभावांना एकदा सांगून कधी कळतच नाही," भावोजी म्हणाले. आवाजात राग म्हणावा तर तोही नव्हता. ते चष्म्याच्या काचा अंगठ्याने पुसत होते.

मास्तरच्या तोंडात रक्ताची खारट चव आली. हात शिवशिवले. पण यांना एक ठेवून दिली तर ताईला काय तोंड दाखवायचं? तिच्या संसारात आपल्यामुळे वितुष्ट नको. त्याने रक्त गिळलं आणि सायकलवर टांग मारली. पुन्हा समुद्राच्याच अंगाला.

पुढे रस्ता उघडा पडला. ना झाड, ना कठडा. वारा असा भिडला की मास्तर अख्खा समुद्राकडे कलला, तरी सायकल सरळ राहीना. गती कमी झाली. तशी मागून पाठीत काठीसारखं काही बसलं. भावोजींनी हवा भरायचा पंप काढला होता.

"चल! पाय चालव!" पुन्हा एक. या वेळी मणक्यावर. "चल म्हणतो ना!"

तिसरा फटका बसला आणि मास्तरच्या डोक्यात जाळ झाला. तो पेडलवर उभा राहिला, दात खाऊन सायकल रेटली आणि भावोजींना आडोसा देणं सोडून पुढे निघाला. दहा पावलंच पुढे गेला असेल. खा की आता वारा, एवढंच त्याच्या मनात होतं.

वाऱ्याने भावोजींना सायकलसकट उचललं. हँडलवर एकच हात, दुसऱ्यात पंप. अख्खा रस्ता ओलांडून ते खडकांवर आपटले आणि सायकल वरून त्यांच्या अंगावर आली.

मास्तर धावला. तो पोचायच्या आत भावोजी उठले होते. कपाळ फुटलेलं, चष्मा गेलेला. त्यांनी समोर मास्तरला पाहिलं आणि मारायला हात उगारला. हात कोपरापर्यंतच वर आला. त्याच्यापुढचा भाग भलतीकडेच लोंबत होता. त्याकडे बघत ते जे ओरडले, त्यापुढे समुद्रही ऐकू येईना.

मासळीच्या एका टेम्पोने दोघांना गावातल्या दवाखान्यात सोडलं. आत डॉक्टर हाड बसवत होते आणि भावोजी सगळ्यांना शिव्या देत होते. मास्तर व्हरांड्यात आला. त्याने ताईला फोन लावला. खोटं बोलायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं.

"ताई, घाबरू नकोस. भावोजी पडले गं. जिवाला धोका नाही, पण हात मोडलाय, वाईट मोडलाय. माझ्यामुळे झालं. मी रागाच्या भरात मुद्दाम बाजूला झालो आणि त्यांना वाऱ्यात सोडलं. तुला काय बोलायचंय ते बोल मला."

मास्तरने डोळे मिटून घेतले. खिडकीचं दार वाऱ्याने आपटत राहिलं.

"कुठला हात?" ताईने विचारलं.

"अं? उजवा."



"प्लास्टर किती दिवस असेल?"

"दीड महिना तरी, म्हणाले डॉक्टर. ताई, मी..."

भावोजी इकडे होते. तिकडे घरात ती एकटीच होती. तरीही तिने आवाज अगदी खाली आणला.

"डॉक्टरांना विचार ना रे," ती म्हणाली, "अजून थोडे दिवस ठेवता येईल का?"