विकतचं पाणी

आपल्या दिवंगत आईने लावलेल्या बेगोनियाच्या रोपावर पुन्हा पांढरी भुकटी बसलेली पाहून बोडिलबाईंचं डोकं फिरलं. हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी पडते, म्हणून त्यांनी कुंडीशेजारी धुकं सोडणारं यंत्र ठेवलं होतं. दर शनिवारी त्या ते व्हिनेगरने घासत, तरी तळाला थर धरायचाच आणि पानं करपायचीच.

"किती घासू गं? हातांची सालटी निघाली! यंत्रच मेलं दळभद्री."

"यंत्र नाही, आई. आपल्या नळाच्या पाण्यातले क्षार आहेत ते," लेक लिस्बेत म्हणाली. "धुक्याबरोबर पानांवर बसतात. दुकानातून क्षार काढलेलं शुद्ध पाणी आण."

"विकतचं पाणी? कोपनहेगनच्या नळाला नावं ठेवतेस? हेच पिऊन बहात्तर वर्षांची झाले मी!"

"तू पी ना खुशाल. बेगोनियाला कशाला छळतेस?"

बाई दोन दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बेगोनियाचं एक पान गळलं, तशा त्या मुकाट्याने दुकानात गेल्या. परतताना पाण्याचा कॅन पिशवीच्या तळाशी घातला आणि वर बिअरच्या बाटल्या रचल्या. जिन्यात शेजारीण भेटलीच, तर दारू दिसलेली परवडली.