बारीक गोळीची हार

रावजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दोन महिन्यांनी सुट्टीवर गावी जाऊन तो काढायचा होता. तोवर क्लबात कळलं असतं, तर नोकरी खलास. काम सगळं नजरेचं. रायफल रेंजवर निशाण्याखालच्या खड्ड्यात बसायचं, कागदावर गोळीचं भोक शोधून त्यावर पट्टी चिकटवायची, आणि भोक सापडलं नाही की गोळी बाहेर गेली असं समजून लाल झेंडा हलवायचा.

नेमकी तेव्हाच साहेबांना हजार यार्डांच्या स्पर्धेसाठी नव्या रायफली मागवायची हुक्की आली. जुनी जाड गोळी ठेवायची, की लांब नळीची, वाऱ्याला न जुमानणारी बारीक घ्यायची? महिनाभर वाद चालला. शेवटी शुक्रवारी दोन्ही प्रकारच्या वीस-वीस गोळ्या झाडून पाहिल्या.

संध्याकाळी क्लबचा क्लार्क गनी रावजीच्या खोलीवर आला तो हसतच.

“रावजीदादा, मुबारक! बारीक गोळी बाद. विसातल्या नऊ बाहेर. नळी फार लांब झाली म्हणे. दोन पानं कारणं टाइप करून बोटं दुखली माझी.”

“म्हणजे जाडच येणार ना?” रावजीने जपून विचारलं.

“जाडच. तिची भोकं कशी, आंधळ्यालाही दिसतील.”



गनीने हातातलं पुडकं त्याच्यापुढे ठेवलं. “बारीक गोळीचा कागद फाइलला लावायला माझ्याकडेच आला, दादा. त्यात नऊ भोकं पट्टीवाचून उघडी होती. म्हणून येताना बांगडे त्यातच बांधून आणले.”