खुडलेली पानं

वेलीच्या कोवळ्या पानावर काळा ठिपका दिसला आणि विशाखाच्या हातातलं ओलं फडकं गळून पडलं. मनी प्लांटपासून घडवलेली ही श्वासवेल कधी खोटं बोलत नसे. ज्याच्या श्वासावर ती वाढते, त्याच्या फुप्फुसात काही बिघडलं, की डॉक्टरांच्या आधी पानाला कळतं.

पण तपासणीत विशाखाची छाती स्वच्छ निघाली.

"वेल तुमच्याच श्वासावर रुजवली होती ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "पहिलं पान ज्याच्या श्वासावर फुटतं, त्याचीच ती राहते. फांदी तोडून दुसऱ्या घरी लावली तरी."

मनी प्लांट चोरून आणला तरच धरतो, असं आई म्हणायची. म्हणून विशाखानेही समोरच्या कुमुदिनीवहिनींच्या गॅलरीतून एक कांडं गुपचूप खुडून आणलं होतं.

ती दवाखान्यातून तशीच समोरच्या घरी धावली. वहिनींच्या घरात लेकीच्या, चित्राच्या रुखवताचा पसारा मांडला होता. गॅलरीतली वेल हिरवीगार होती, एकही ठिपका नव्हता. विशाखाचा जीव भांड्यात पडला. मग तिला ते देठ दिसले. पानं नसलेले, अजून ओले.

वहिनींनी दार लोटलं. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली.

"अक्षता पडेपर्यंत कुणाला बोलू नकोस," त्या कुजबुजल्या. "आणि तुझ्याकडचीही पानं खुडत जा, बाई. चित्रा रोज तुझ्याकडे येते. ते कांडं कुणाचं आहे, हे तिलाही ठाऊक आहे."