डावीकडे तिरकं

समाजसेवा केल्याशिवाय शाळा बारावीचं प्रमाणपत्र देणार नव्हती, म्हणून ती मुलगी नाक मुरडतच वृद्धाश्रमात येऊ लागली. तिथे एक आजोबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. आयुष्यभर लोकांचे केस कापत आलेला माणूस. हात थरथरायला लागल्यावर दुकान सुटलं, जेवणावरची वासनाच उडाली. एका दुपारी तिने त्यांच्याजवळ स्टूल ओढलं, वेणी सोडली आणि कात्री पुढे केली. “आजोबा, केस फार वाढलेत. कापता का?” “अगं, वेड लागलंय का?” परिचारिका धावत आली. “कान कापला जाईल!” “दुसरा आहे की,” म्हणत ती डोळे मिटून बसली. आजोबा उठले, कात्री थरथरत चालू लागली. शेवटी मागे सरून त्यांनी डोकं न्याहाळलं. “डावीकडे तिरकं झालंय. उद्या ये, नीट करतो.” मग परिचारिकेला म्हणाले, “काहीतरी खायला द्या. उपाशीपोटी हात जास्तच थरथरतो.”