झेब्रे कुठं बघतात

हर्षल या माझ्या मेहुण्यानं केनियाच्या जंगलातून झेब्र्यांचा फोटो काढून आणला. सगळे खाली माना घालून चरत होते. मी तो दारासमोरच्या भिंतीवर लावला. दार म्हणजे नुसती चौकट. शिंगणापुरात घराला दार लावत नाहीत. चोर येत नाही म्हणे. येणारे काय फक्त चोरच असतात का?

आज दुपारी फोटोतल्या साऱ्या माना वर होत्या.

"अहो, आपल्याकडं बघत्यात," बायको म्हणाली.

"आपल्याकडं न्हाई. आपल्या मागं."

हर्षलला फोन लावला. तो हसला. "दाजी, झेब्रे पळायच्या आधी असंच टक लावून बघतात. तिकडं सिंह असतो."

मागं उंबऱ्यावर आमची पोर एकटीच बडबडत बसली होती.

फोटोत बघता बघता नुसती धूळ उरली.

पोरीचं बडबडणं थांबलं.